न हरलेल्या घोड्याचं म्हातारपण

आमच्या घरात देवांच्या फोटोंशेजारी एका हाताचा फोटो लावलेला आहे. नुसता हात. बोटांत लगाम धरलेला, आणि लगामाच्या दुसऱ्या टोकाला एक तांबूस घोडा. घोडा पूर्ण आहे, वर बसलेला जॉकी पूर्ण आहे, शेजारी उभी असलेली मालकीणबाई टोपीसकट पूर्ण आहे. पेपरवाल्यानं फोटो कापताना नेमका माझा भाऊ कापला. घरी येणाऱ्या प्रत्येकाला आई तो फोटो दाखवते आणि म्हणते, "ह्यो माझ्या लेकाचा हात."

त्या दिवशी त्या घोड्यानं पुण्यातली मोठी शर्यत जिंकली होती. त्याआधीच्या जिंकल्या होत्या, नंतरच्याही जिंकल्या. जेवढ्या पळाला तेवढ्या सगळ्या जिंकला. हरणं म्हणजे काय, हे त्याला माहीतच नव्हतं. ते आम्हाला माहीत होतं, आम्ही पाथर्डीकडचे.

आमची वाडी डोंगराच्या पायथ्याला आहे. खाली माती कमी आणि दगड जास्त. दिवाळीच्या आगेमागे निम्मी वाडी कोयते बांधून देवळालीकडं, सोनईकडं, कारखान्यांच्या भागात ऊस तोडायला जाते आणि उन्हाच्या तोंडाला परत येते. दादा एकच हंगाम गेला. उसाच्या फडात त्याच्या अंगाला खाज सुटायची आणि मुकादम त्याला हसायचे. वाडीतलाच एक चुलता पुण्याला रेसकोर्सच्या तबेल्यात सईस होता, त्यानं दादाला सोबत नेलं. लोकांनी कोयता उचलला, दादानं खरारा उचलला. आई वर्षभर सगळ्यांना सांगत होती की पोरगं पुण्यात नोकरीला आहे, आणि पुढचा प्रश्न यायच्या आत चुलीकडं वळत होती.

पुढचा प्रश्न पाहुणे विचारायचेच. मुलगा कुठं असतो? पुण्याला. कुठं? रेसकोर्सवर. इथपर्यंत पाहुणे खूश. काय करतो? घोडे सांभाळतो. म्हणजे लीद काढतो का? त्यानंतर चहा कपात तसाच राहायचा. मुली बघून बघून आई थकली. दादा थकला नाही, कारण तो मनापासून कधी बघायला गेलाच नाही. मी एसटीत कंडक्टर आहे, माणूस कुठं उतरणार ते मला त्याच्या बसण्यावरून कळतं. दादा लग्नाच्या स्टॉपवर उतरणारा नव्हता.

तो घोडा तबेल्यात आला तेव्हा अजून शिंगरूच होता, पण रागीट. मागचा एक पाय खाली पांढरा, बाकी सगळा तांबूस. चावायचा, लाथा झाडायचा, पाठीवर कुणाला बसू द्यायचा नाही. दादाच्या खांद्यावर त्याच्या दातांची खूण अजून आहे. शेवटी डॉक्टर बोलावून त्याला खच्ची केला, तेव्हा कुठं तो निवला. दादानं हे फोनवर सांगितलं तर आई म्हणाली, "म्हंजी आपल्या बैलावानीच की!" आम्ही सगळे हसलो. आईच्या मनात मात्र तो त्या दिवसापासून बैलांच्या जातीत जाऊन बसला.

कागदावर त्याचं नाव लांबलचक इंग्रजी होतं. आईला ते म्हणता यायचं नाही, दादाला म्हणायचं नसायचं. तो त्याला धाकला म्हणायचा. घरात धाकटी मी. मी फणकाऱ्यानं विचारलं, "मग मी कोण रे?" तर म्हणाला, "तू आता मधली."

धाकल्याची पळायची रीत अशी होती की बघणाऱ्याचा जीव जावा. दारं उघडली की बाकीचे सुटायचे आणि हा त्यांच्या मागून, आपलं काही काम नसल्यासारखा. शेवटच्या वळणापर्यंत लोक त्याला शिव्या द्यायचे. मग तो कान मागं पाडायचा आणि एकेकाला गाठत सुटायचा. दादा म्हणायचा, "त्येला कुनी फुडं असलेलं खपत न्हाई. म्हनून तो आधी समद्यांस्नी फुडं जाऊ देतो." हे मला कधी कळलं नाही, पण दादा ते इतक्या अभिमानानं सांगायचा की मी वाद घातला नाही. जिंकून परत आला की दादा त्याला खिशातला गुळाचा खडा द्यायचा, बोटाच्या पेराएवढा. त्याहून मोठा कधीच नाही. जिंकलं की गूळ, आणि गूळ मिळाला म्हणजे आपण जिंकलो, एवढं गणित घोड्याच्या डोक्यात पक्कं झालं होतं.

मालकीणबाई सत्तरीच्या पुढच्या. चष्म्याच्या काचा जाड, आणि तरी त्यांना शर्यत दिसायची नाही. समोरून नुसती रंगांची लाट जायची, असं त्या म्हणायच्या. धूळ बसली की त्या दादाला विचारायच्या, "कितवा आला?" आणि दादा सांगायचा, "पयला, बाई." पेपरात काय येईल, माइकवर काय सांगितलंय, यावर त्यांचा विश्वास नव्हता. दादा सांगायचा ते खरं.

एकदा मी आईला घेऊन पुण्याला गेले. आईनं पदराला मीठमोहऱ्या बांधून आणल्या होत्या. घोडे सुटायच्या वेळेला तिनं डोळे गच्च मिटले. "जनावर पळताना बघू ने, दीठ लागती," म्हणाली. आजूबाजूला हजारो माणसं खुर्च्यांवर चढून ओरडत होती आणि माझी आई, खास त्यासाठी पाथर्डीहून आलेली, डोळे मिटून बसली होती. शर्यत संपली तेव्हा एकाच वेळी दोन म्हाताऱ्यांनी विचारलं, "कितवा आला?" एकीला दिसत नव्हतं, दुसरीला बघायचं नव्हतं. दादानं दोघींना एकच उत्तर दिलं. मग आईनं तिथंच मालकीणबाईंची ओटी भरायला घेतली. बाईंना पदर नव्हता, म्हणून त्यांनी डोक्यावरची टोपी काढून पुढं केली. टोपीत नारळ आणि तांदूळ घेऊन त्या फोटोला उभ्या राहिल्या, आणि तोच हा फोटो. टोपी दिसते आहे, पण डोक्यावर नाही, हातात.

शेवटची शर्यत मुंबईला झाली. तीही तो जिंकला. रेघ ओलांडली आणि चार ढांगांनंतर त्यानं पुढचा डावा पाय उचलून धरला, तो खाली टेकेना. दादा धावत गेला. पायाची मागची मोठी शीर फाटली होती, आणि ती वळणावरच फाटली असणार, असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे शेवटचे दोन घोडे त्यानं फाटल्या पायानं गाठले.

दुसरा एखादा इतका नाव काढलेला घोडा असता तर पैदाशीसाठी ठेवला असता. हा खच्ची, त्याचा पुढं उपयोग काय? तबेल्यात दोघातिघांनी हळू आवाजात कायमचं झोपवायच्या सुईचं नाव काढलं. मालकीणबाईंनी दादाला बोलावलं. त्यांचं परदेशातल्या मुलाकडं जायचं ठरलं होतं, बाकीचे घोडे विकून झाले होते. त्यांनी विचारलं, "तुझ्या गावाला जागा आहे?" दादा म्हणाला, "बाई, जागाच हाय. बाकी काय न्हाई."

त्या म्हणाल्या, "मग घेऊन जा. याला पळवू नको. याला म्हातारा होऊ दे. मी बघायला नसणार, तू मला सांगत जा."

दादा नोकरी सोडून घोड्याबरोबर घरी आला. मी म्हटलं, अरे, नोकरी तर ठेवायची! तो म्हणाला, "आन् ह्येला कोन बघनार? तू? तुला तुझी एसटी येळंवर आनता येत न्हाई." खरं होतं. माझी एसटी म्हणजे कायमची वरातीमागून घोडं.

धाकला वाडीत आला त्या दिवशी सगळी वाडी रस्त्यावर होती. ट्रकची फळी खाली पडली आणि तो लंगडत उतरला. एक जण मागून म्हणाला, "ह्योच का न हारलेला? ह्यो तर लंगडतोय!" आईनं त्याच्याकडं असं बघितलं की तो गर्दीत मागं सरला. पत्र्याची पडवी टाकून दादानं त्याच्यासाठी गोठा केला, खाली उसाचं पाचट अंथरलं. रोज सकाळी विहिरीच्या थंड पाण्याची धार पायावर सोडायची, मग हळूहळू चालवायचा, मग पट्टी. दुखणं हत्तीच्या पावलानं येतं आणि मुंगीच्या पावलानं जातं म्हणतात, तसं ते गेलं. जेठात तो चारही पायांवर उभा राहून पडवीतून डोकं बाहेर काढायला लागला, आणि माझ्या तिकिटाच्या मशीनला चावायला.

मग लोक येऊ लागले. आसपासच्या गावांतल्या यात्रांमध्ये घोड्यांची शर्यत असते. कुणाची घोडी, कुणाचं तट्टू, आणि मिशांना पीळ. न हरलेला घोडा पाथर्डीत आहे म्हटल्यावर त्यांना झोप कशी लागेल? एक पळ तर पळवा, नुसता दाखवायला, अर्धं मैदान. दादा हात जोडायचा. "रिटायर हाय तो." रात्रंदिवस आमच्या घराला एकच धास्ती, की कुणीतरी एक दिवस त्याला पळवील. दादानं गोठ्याला कुलूप केलं. आमचं सगळ्यांचं लक्ष पळण्याकडं होतं.

खाण्याकडं लक्ष फक्त दादाचं. आई भाकरी घेऊन निघाली की तो तिला अडवायचा. "आये, बैल खातो आन् निवांत रवंथ करतो. ह्येचं पोट एवढंसं हाय, आन् ह्येला ओकता बी येत न्हाई. एकदा आत ग्येलं की ग्येलं." आई म्हणायची, एवढ्या मोठ्या धुडाला एवढंसं पोट कुठल्या देवानं दिलं? पण ऐकायची. एक तुकडा द्यायची, वर नाही.

महिन्यातून एकदा मालकीणबाईंचा फोन यायचा. "कसा आहे?" मग दादा पडवीतच बसून सगळं सांगायचा, काय खाल्लं, कुठं लोळला, कुणाला चावला. त्या हसल्या की फोनमधून मला सुद्धा ऐकू यायचं.

असा पोळा आला.

आता आमच्या वाडीत बैल राहिलेत किती? पूर्वी घरटी जोडी होती. आता ट्रॅक्टर आले, चारा महाग झाला, ऊसतोडीला सुद्धा बरेच लोक बैलगाडीशिवायच जातात. उरल्यासुरल्या चारदोन जोड्या. पण पोळ्याचं पुरण घराघरांत शिजतंच. बाई नैवेद्याचं ताट वाढते आणि मग दारात उभी राहून बघते, कुणाच्या बैलाला भरवू? काही घरं मातीचे बैल पुजतात, काही ट्रॅक्टरला हार घालतात. ट्रॅक्टरला पोळी भरवता येत नाही. आमच्या दावणीचे बैल वडील गेले त्या साली विकले, तेव्हापासून आईसुद्धा पोळ्याला अशीच ताट घेऊन शेजारी जायची.

या वर्षी तिच्या दारात जनावर होतं. आदल्या दिवशी खांदेमळणीला तिनं हळद-तूप घेतलं आणि बैलाच्या खांद्याला चोळतात तसं धाकल्याच्या खांद्याला चोळलं, मग त्या दुखऱ्या पायाला चोळलं. आणि बैलांना देतात ते आवतण दिलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." दादा हसून म्हणाला, "आये, त्येला आवतन दिऊ नगं, तो खरंच येईल." मी तिथंच होते. फार दिवसांनी आमचं घर भरल्यासारखं वाटत होतं.

वाडीतली जाणती माणसं दादाकडं आली. तोरणाखालून पहिलं जायचा मान ज्या घराचा होता, त्या घरात आता बैल नाहीत. तर मान धाकल्याला द्यायचा, असं सगळ्यांनी ठरवलं होतं. आणि दादाचा फेटा बांधून सत्कार. दादानं दोन अटी घातल्या. एक, त्याला पळवायचं नाही. तोरण तुटून पोळा फुटला की बैल उधळतात, त्याच्या आत त्याला मारुतीच्या देवळामागं लिंबाला बांधायचं. दोन, त्याला खायला घालायचं नाही, लांबून ओवाळायचं. सगळे व्हय व्हय म्हणाले. आणि खरंच, पहिली अट सगळ्यांनी जिवाच्या करारानं पाळली. पोरांना दटावलं, वाजंत्री लांब ठेवली, बैल उधळले तेव्हा चार बाप्ये देवळाच्या कोपऱ्यावर आडवे उभे राहिले. माझ्या वाडीचा मला त्या एका गोष्टीसाठी आजही अभिमान आहे.

दुसरी अट बायांपर्यंत पोचली ती अशी, की घोड्याला फार खायला घालू नका.

मी दुपारची ड्यूटी संपवून खाकी कपड्यांतच आले, तेव्हा देवळापुढं दादाचा सत्कार चालू होता. गुलाबी फेटा, गळ्यात हार, आणि चेहरा लाजून कसनुसा झालेला. उभ्या जन्मात त्याला कुणी असं पुढं बसवलं नव्हतं. एकेक जाणता उठून त्याच्याबद्दल चार शब्द बोलत होता आणि ते चार शब्द चाळीस होत होते. शेवटी फोटोची वेळ आली. पेपरवाल्यानं कापला होता, आज आपण पुरा काढू, म्हणून मी माझा मोबाईल काढला. दादा देवळामागून धाकल्याला घेऊन आला. कपाळावर हळदीकुंकू, गळ्यात झेंडूची माळ. फोटो छान आला. फेट्यापासून पायताणापर्यंत आख्खा दादा.

मी फोटो मोठा करून बघितला आणि म्हटलं, "दादा, ह्याचं तोंड पिवळं कशानं झालंय?"

दादानं बोट त्याच्या ओठात घातलं आणि बाहेर काढलं. बोटाला पुरण होतं.

तो ओरडला नाही. त्यानं नुसतं विचारलं, "कुनी दिलं?" समोर बाया ताटं घेऊन उभ्या होत्या, नव्या लुगड्यांत, हसऱ्या. पहिली म्हणाली, "म्या एकच दिली." दुसरी म्हणाली, "एकच की, नैवेद्याची." मग तिसरी. मग पलीकडच्या आळीतली. एक म्हातारी म्हणाली, "आमच्या दारात धा वर्सांत जनावर जेवलं न्हाई. म्या बी एकच दिली, बाबा." कुणी पोळी, कुणी गूळ घातलेला कणकेचा उंडा, कुणी भिजवलेली डाळ. सत्कार चालू असताना एकेक जण देवळामागं जाऊन आली होती, आणि प्रत्येकीला वाटलं होतं की आपणच पहिली. आणि धाकला? त्याला प्रत्येक घासात गूळ लागत होता. त्याला वाटलं असणार की आपण जिंकलो. पुन्हा जिंकलो. पुन्हा जिंकलो. हे मनात आलं की मला आजही बस थांबवून खाली उतरावंसं वाटतं.

दिवे लागायच्या सुमाराला त्यानं वळून पोटाकडं बघायला सुरुवात केली. मग खुरानं जमीन उकरायला, मग घामानं भिजायला. पडू द्यायचं नाही, लोळू द्यायचं नाही, चालवत ठेवायचं, एवढंच करता येत होतं. पाथर्डीहून जनावरांचा डॉक्टर आला, नाकातून नळी घातली, सुया टोचल्या, आणि म्हणाला की मोठ्या दवाखान्यात नेता आलं तर बघा. टेम्पो दारात आला, पण धाकला फळीवर पाय ठेवेना. मग वाडीनं त्याला चालवलं. ज्यांनी भरवलं होतं त्याच बाया, त्यांचे नवरे, आळीपाळीनं दोर धरून पडवी ते देऊळ, देऊळ ते पडवी. कुणी घरी गेलं नाही.

करीच्या दिवशी उजाडलं आणि तो एकाएकी शांत झाला. घाम थांबला, मान खाली आली, पोटाकडं बघायचं सोडलं. बायांनी एकमेकींना हाका मारल्या, "आराम पडला! आराम पडला!" कुणी देवळात नारळ फोडायला पळालं. आईनं पदर पसरून मारुतीला हात जोडले. मीही रडत हसत होते.

दादानं माझ्या कोपराला धरून मला पडवीमागं नेलं. तो म्हणाला, "पोट फुटलं त्येचं. फुटलं की दुखायचं थांबतं. घटकाभर."

"मग सांग ना त्यांना!"

"काय सांगू? समद्या खूश हायेत." मग पडवीकडं बघत म्हणाला, "घटकाभर असू दे."

तो परत गेला. एक बाई विचारत होती, बरा झाला ना? दादा म्हणाला, "व्हय, झाला बरा." त्यानं खिशातून गुळाचा खडा काढला आणि धाकल्याच्या ओठांना लावला. तो त्यानं चाटला नाही. मग तो पाचटावर बसला, आडवा झाला, आणि उन्हं पडवीत यायच्या आत गेला.

दादानं सगळ्यांना सांगितलं, "काळीज थांबलं त्येचं. पळनाऱ्या घोड्याचं व्हतं असं. घरी बसनं झेपत न्हाई त्यांस्नी." जेसीबी बोलावून आमच्याच शेतात त्याला पुरला, सगळी वाडी आली होती.

मला मात्र प्रत्येकीच्या दारात जाऊन ओरडायचं होतं. माझं तोंड मुळातच फाटकं, सुट्ट्या पैशांवरून मी आख्खी बस डोक्यावर घेते, आणि इथं गप्प बसायचं? मी दादाला म्हटलं, तुझ्या घोड्याला यांनी मारलं आणि तू यांनाच जपतोस? तो फेटा घडी करत होता. म्हणाला, "कुनाला बोलू? एकेकीनं एकच दिली." माझा राग अजून तसाच माझ्यापाशी आहे, आणि त्याला जायला जागा नाही.

थोड्या दिवसांनी मालकीणबाईंचा फोन आला. मी पडवीत होते. पाचट तसंच होतं. "कसा आहे?" त्यांनी विचारलं. मी दादाकडं बघत राहिले. आता तो सांगणार आणि त्या म्हातारीचा हुंदका मला ऐकावा लागणार.

"बरा हाय, बाई," दादा म्हणाला. "पाय पार बरा झाला. आत्ता पडवीतून डोकं भाईर काढून हुभा हाय."

फोन ठेवल्यावर मी कडाडले. त्यानं मला बोलू दिलं, आणि मग म्हणाला, "त्यांनी म्हातारा होऊ दे म्हनलं हुतं. माझ्याच्यानं तेवढंच हुतंय आता."

आणि दादानं त्याला खरंच म्हातारा केला. दर महिन्याला, फोनवर. आधी कपाळावर पांढरे केस आणले. मग डोळ्यांवरचे खळगे खोल केले. मग तो उन्हात उभ्याउभ्या झोपायला लागला, थंडीत झूल मागायला लागला, दात झिजले. एकदा आई चुलीपासून ओरडली, "सांग त्यांस्नी, आता भाकर चावत न्हाई, पान्यात भिजवून देती म्हनावं!" मी तिच्याकडं बघितलं, तर ती भाकरी थापत होती आणि तिचे डोळे गळत होते. पुढं एकदा दादानं फोन माझ्या हातात दिला. मी म्हटलं, "परवा परत माझ्या मशीनला चावला, बाई. म्हातारा झाला तरी खोड गेली नाही." त्या खूप हसल्या.

पुढच्या पोळ्याला मी फाट्यावर उतरून चालत निघाले. वाडी आली तरी काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं, आणि बऱ्याच वेळानं लक्षात आलं की पुरणाचा वास नाही. एकाही घरातून नाही. बैल ओवाळले, हिरवा चारा घातला, झालं. त्यानंतर दर वर्षी तसंच. ठराव नाही, बैठक नाही, कुणी कुणाला काही बोललं नाही. मी आईला विचारलं तर तिनं आधी दादा कुठं आहे ते बघितलं, मग म्हणाली, "बायांस्नी ठावं हाय, त्यो कशानं ग्येला. पर दादाला सांगू नगं, त्यांस्नी ठावं हाय म्हनून."

मालकीणबाईंचा शेवटचा फोन या उन्हाळ्यात आला. आवाज फार बारीक झाला होता. घोड्याचं सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं, "तो कधी हरला नाही ना रे?"

"न्हाई, बाई. कधीच न्हाई."

पुढच्या महिन्यात त्यांच्या मुलाचा फोन आला. बाई झोपेतच गेल्या होत्या. घोडा कसा आहे ते त्यानं विचारलं नाही, त्याला बहुतेक माहीत नसावं. दादानं फोन खिशात ठेवला, पडवीत गेला आणि खुंटीवरचा दोर काढून हातात घेऊन बसला. धाकला गेला तेव्हा तो रडला नव्हता. पुरला तेव्हा नाही, फोनवर इतकी वर्षं खोटं बोलताना नाही.

मी जवळ गेले तर म्हणाला, "आज ग्येला गं धाकला." आणि लहान पोरासारखा रडायला लागला, आणि मी त्याच्याजवळ पाचटावर बसून राहिले.